गाभण न राहणारी म्हैस आणि कोंदलेला गोठा

दिवाळीनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. वरवर पाहता त्यांचे विषय निरनिराळे आहेत. कोणाची म्हैस वारंवार उलटते, म्हणजे रेतनानंतर गाभण न राहता पुन्हा माजावर येते, कोणाच्या शेळ्या गाभडल्या, म्हणजे त्यांचा गर्भपात झाला, कोणाच्या कोंबड्यांची अंडी घटली. पण बहुतेक पत्रांत कुठेतरी, बहुधा लिहिणाऱ्याच्या नकळत, ‘गोठा बंद केला’, ‘पडदे सोडले’, ‘दार लावून घेतो’ असे एखादे वाक्य आले आहे. ती वाक्ये एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत म्हणून ही पत्रे एकत्र छापत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे नऊ म्हशी आहेत. थंडी सुरू होताच गोठ्याला तिन्ही बाजूंनी ताडपत्री आणि पोती बांधली. खुराक, खनिज मिश्रण, जंतनाशक सारे वेळेवर दिले जाते. तरी चार म्हशी तीन-तीन वेळा रेतन करूनही उलटल्या आणि दोन तर माजच दाखवत नाहीत. शेजारी म्हणतात की, गोठ्यात उग्र वास कोंडतो त्याचा हा परिणाम. वासाने म्हैस कशी उलटेल?
— एक पशुपालक, काटोल तालुका

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे टाकून देण्यासारखे नाही, मात्र ते सांगतात तितके ते सरळही नाही. गोठ्यातील कोंदट हवा थेट गर्भाशयात जाऊन काही करत नाही. ती आधी नाक, श्वासनलिका आणि फुप्फुसे यांना त्रास देते, आणि तो त्रास पुढे रक्तातून, भुकेतून आणि मेंदूतून फिरून माजापर्यंत पोहोचतो. वाट लांबची असल्यामुळेच ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

आधी हा वास येतो कुठून ते पाहू. मूत्रात युरिया असतो आणि त्याला स्वतःचा असा उग्र वास नसतो. शेणातील जिवाणूंमध्ये युरिएज नावाचे विकर असते, आणि मूत्र शेणात कालवले गेले की हे विकर काही तासांत युरियाचा अमोनिया करते. मोठी म्हैस दिवसाला वीस-पंचवीस किलो शेण आणि दहा-पंधरा लिटर मूत्र टाकते. ते रात्रभर एकाच खोलगट जमिनीत तुडवले जात असेल आणि वर ताडपत्री असेल, तर पहाटेपर्यंत गोठ्याची काय अवस्था होते हे गोठ्याच्या मालकाला सहसा कळत नाही, कारण एक तर त्याचे नाक सरावलेले असते आणि दुसरे म्हणजे तो उभा असतो.

मागच्या जानेवारीत अशाच एका गोठ्यात मी पहाटे पाचला गेलो होतो. मालक दारात उभे राहून म्हणाले, “वास वगैरे काही नाही, डॉक्टरसाहेब.” उभ्याने मलाही फारसा जाणवला नाही. दूध काढायच्या स्टुलावर बसून बसलेल्या म्हशीच्या नाकपुडीच्या उंचीवर डोके नेले, तेव्हा मिनिटभरात डोळ्यांतून पाणी आले. म्हशीच्या दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांपासून खाली ओघळाची काळी रेघ पडली होती आणि टिनपत्र्याच्या खालच्या बाजूला प्रत्येक स्क्रूपाशी पाण्याचा थेंब लोंबत होता. तो थेंब म्हणजे जनावरांच्या श्वासातील वाफ. ती बाहेर पडत नसेल, तर अमोनियाही बाहेर पडत नाही, एवढा अर्थ त्या थेंबातून काढता येतो. म्हैस दिवसाचे निम्मे तास बसून असते, तिची नाकपुडी जमिनीपासून वीतभर उंच असते, आणि मोठे जनावर दिवसाकाठी लाखभर लिटर हवा आत घेते. आपण वैरण तोलून देतो, पण ही लाखभर लिटर हवा कोणी तपासत नाही.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात, ते धूळ आणि जंतू वर ढकलून बाहेर काढतात. अमोनियाने हे तंतू मंदावतात आणि झडतात. मग वैरणीची धूळ, वाळलेल्या शेणाचे कण आणि त्यांना चिकटलेले एन्डोटॉक्सिन, म्हणजे मेलेल्या जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटक, फुप्फुसात खोलवर जातात. शरीर त्यांच्याशी लढू लागते आणि आत एक मंद दाह सुरू राहतो. या दाहात तयार होणारी रसायने मेंदूतील त्या केंद्राला आवर घालतात, जिथून माजाच्या संप्रेरकांची साखळी सुरू होते. मेंढ्या आणि गाई यांच्यावरील प्रयोगांत एन्डोटॉक्सिन रक्तात सोडल्यावर बीजमोचन घडवणाऱ्या एलएच या संप्रेरकाचे ठोके मंदावतात आणि बीजमोचन लांबते किंवा होतच नाही, हे अनेकदा दिसले आहे. बीजमोचन लांबले आणि आपण रेतन नेहमीच्या वेळी केले, तर वीर्य थांबून थांबून निकामी होते. शिवाय दाहात प्रोस्टाग्लॅंडिन वाढते, आणि हेच रसायन बीजांडावरील पीतपिंड मोडते. पीतपिंड मोडला की गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन थांबते. मात्र प्रयोगांत दिलेली मात्रा गोठ्यातल्या हवेच्या मानाने मोठी असते, म्हणून ‘अमुक इतका वास म्हणजे अमुक म्हशी उलटणार’ असा हिशेब मांडता येत नाही. अमोनियाचा प्रत्यक्ष अभ्यास डुकरांवर आणि कोंबड्यांवर अधिक झाला आहे, आणि डुकरांवरील काही प्रयोगांत कोंदट हवेत वाढलेल्या माद्या उशिरा वयात आल्याचे आढळले आहे.

आपल्या पत्रातील एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली. म्हैस ही दिवस लहान होऊ लागले की फुलणारी जात आहे. पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत तिचा माज जोरात असतो आणि उन्हाळ्यात तो मुका होतो. एप्रिल-मे महिन्यांत दोन म्हशींनी माज दाखवला नसता, तर मी उन्हाला दोष देऊन मोकळा झालो असतो. ऐन हिवाळ्यात, खुराक व्यवस्थित असताना माज दिसत नाही, तेव्हा गोठा पाहावाच लागतो. माज दिसत नसण्याचे एक साधे कारण असेही असते की, निसरड्या, ओल्या जमिनीवर जनावर अंग चोरून उभे राहते, आणि माजावर आली तरी तिच्या हालचालींतून ते कळत नाही.

तरीही सगळा दोष हवेवर टाकू नका. उलटणाऱ्या चार म्हशींच्या गर्भाशयाची तपासणी करून घ्या, माजाचा सोट, म्हणजे माजावर असताना गळणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ आहे की त्यात पांढुरके कण आहेत ते पाहा, आणि रेतनाची वेळ चुकत नाही ना हे तपासा. उलटण्याचे दिवस लिहून ठेवा. अठरा ते चोवीस दिवसांत उलटली तर बहुधा फलन झालेच नाही किंवा गर्भ अगदी सुरुवातीला गेला. तीस-पस्तीस दिवसांनी उलटली तर गर्भ राहून नंतर गेल्याची शंका घ्यावी. ही दोन टिपणे डॉक्टरांसमोर ठेवलीत तर त्यांचे निम्मे काम होते.

ताडपत्री काढून टाकू नका, खाली ओढा. नागपूरकडे हिवाळ्यात वारा मुख्यतः उत्तर आणि ईशान्येकडून येतो. त्या बाजूला ताडपत्री म्हशीच्या पाठीच्या उंचीपर्यंत बांधा आणि तिच्यापासून छपरापर्यंतचा भाग उघडा ठेवा. बाकीच्या बाजू मोकळ्या असू द्या. छपराच्या आढ्यापाशी फट ठेवायची असेल तर गोठ्याच्या दर दहा फूट रुंदीमागे दोन इंच हे माप धरावे. गरम, ओली हवा आपोआप तिथून बाहेर जाते आणि पंख्याची गरज पडत नाही. जमिनीला दर दहा फुटांना दोन-अडीच इंच उतार द्या, म्हणजे मूत्र शेणात न मुरता नालीत जाईल. कोरड्या जागी बसलेल्या आणि थेट झोत न लागणाऱ्या मोठ्या म्हशीला आपल्याकडची आठ-दहा अंशांची थंडी बाधत नाही. पारड्यांची गोष्ट वेगळी आहे, त्यांना तणसाची जाड गादी द्या. आणि हे सारे केल्यावर पुढच्याच माजाला निकाल मागू नका. बीजांडातील बीज पक्व व्हायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे डिसेंबरमध्ये बिघडलेले बीज फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर पडते.

प्रश्न : आमच्याकडे डास आणि गोमाश्या फार आहेत. वडिलांच्या काळापासून संध्याकाळी गोठ्यात गोवऱ्या आणि कडुलिंबाचा ओला पाला धुमसत ठेवून दार लावून घेतो. यंदा एका गाईचे वासरू पूर्ण दिवसांचे असून मेलेले जन्मले, दुसरीचे फार अशक्त होते. धुराचा संबंध असू शकेल का?
— एक वाचक, उमरेड

उत्तर : असू शकेल. धुरी अर्धवट जळते, आणि अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते, आणि पोटातल्या वासराला मिळणारा प्राणवायू आईच्या रक्तातूनच येत असल्यामुळे आई चालती-बोलती दिसत असतानाही वासरू आत गुदमरू शकते. थंड देशांत डुकरांच्या प्रसूतिगृहातील बिघडलेल्या शेगड्यांमुळे कळपातील पिल्ले एकामागून एक मृत जन्मल्याच्या घटना पशुवैद्यकात नोंदलेल्या आहेत, आणि तिथेही माद्या वरवर ठीक होत्या. आपल्या गाईंच्या बाबतीत हेच घडले असे दोन वासरांवरून म्हणता येणार नाही. अडलेली प्रसूती, जीवनसत्त्वांची कमतरता आणि संसर्ग ही कारणेही तेवढीच संभवतात.

धुरी लावणे मी मूर्खपणाचे मानत नाही. लम्पीसारखा रोग चावणाऱ्या कीटकांमार्फत पसरतो, आणि डासांनी हैराण केलेली गाय रवंथ करत नाही. आक्षेप आहे तो बंद दाराला आणि रात्रभर धुमसण्याला. धुरी गोठ्याबाहेर, वारा येतो त्या बाजूला, दिवे लागणीच्या सुमारास वीस-पंचवीस मिनिटे करा आणि विझवून झोपा. टायर, प्लास्टिक, रंगवलेले लाकूड कधीही जाळू नका. विणीला आलेल्या गाईसाठी मच्छरदाणी शिवून घेतली तर तिचा खर्च एका वासरापुढे किरकोळ आहे.

प्रश्न : अठरा शेळ्यांपैकी पाच शेळ्या महिन्याभरात गाभडल्या. रात्री त्या मातीच्या एका खोलीत कोंडतो, कारण बिबट्याची भीती आहे. खोलीत वास असतो. हवा बदलली तर थांबेल का?
— एक पशुपालक, रामटेक तालुका

उत्तर : अठरांपैकी पाच शेळ्या एका महिन्यात गाभडतात, तेव्हा तो संसर्ग आहे असे धरूनच चालावे आणि हवेचा विचार त्यानंतर करावा. हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता मी आपल्याला स्वतंत्र पत्राने कळवले आहेच, पण इतर वाचकांसाठी इथेही लिहितो.

शेळ्यांत ब्रुसेलोसिस, क्लॅमिडिया आणि क्यू ताप ही तीन नावे पुढे येतात. यातील क्यू तापाचा जंतू मुख्यतः हवेतूनच पसरतो. गाभडलेल्या शेळीच्या वारेत आणि पाण्यात तो प्रचंड संख्येने असतो, जमिनीवर वाळतो, आणि कोरड्या खोलीत झाडू मारला की धुळीबरोबर उडून शेजारच्या शेळीच्या आणि झाडणाऱ्या माणसाच्या छातीत जातो. म्हणून त्या खोलीत कोरडा झाडू मारू नका. जमीन आधी जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवा आणि मगच खरडा. पडलेला गाभ आणि वार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका, चुना घालून खोल पुरा. घरात गरोदर बाई असेल तर तिला त्या खोलीच्या आसपासही जाऊ देऊ नका. दूध उकळूनच घ्या. गाभ, वार आणि शेळ्यांचे रक्त तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत प्रयोगशाळेत जाऊ द्या, किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात विचारा. प्रतिजैविके मनाने देऊन रोग झाकू नका.

एक शंका मात्र हवेशीच निगडित आहे. आपण सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार त्याच खोलीच्या माळ्यावर साठवता, असे लिहिले आहे. पावसात भिजलेल्या कुटारावर बुरशी धरते, ते खाली ओढताना जो करडा धुरळा उडतो त्यात तिचे बीजाणू असतात. ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचे बीजाणू श्वासातून किंवा चाऱ्यातून शरीरात शिरून रक्तामार्फत वारेपर्यंत जातात आणि तिथे वाढतात. गाईंमध्ये यामुळे होणारे गर्भपात बहुधा गाभणकाळाच्या उत्तरार्धात होतात, वार चामड्यासारखी जाड झालेली असते आणि गाभाच्या कातडीवर कधी कधी गजकर्णासारखे चट्टे दिसतात. कुटार दुसरीकडे हलवा. बिबट्यासाठी भिंत राहू द्या, पण छपराखाली समोरासमोरच्या दोन भिंतींत जाळीचे झरोके पाडा. बिबट्या पंजा घालू शकणार नाही अशी बारीक, जाड तारेची जाळी गावातला वेल्डर करून देतो.

प्रश्न : अंड्यांसाठी पाळलेल्या दोन हजार कोंबड्या, जमिनीवर भाताच्या तुसाची गादी. थंडीत पडदे पूर्ण सोडतो. महिन्यापासून अंडी घटली, काही अंडी वेडीवाकडी आणि पातळ कवचाची येतात. गादीतून वास येऊ लागला म्हणून भरपूर चुना टाकला, तर वास आणखी वाढला! चुना बनावट असेल का?
— एक कुक्कुटपालक, हिंगणा

उत्तर : चुना अस्सल असावा, म्हणूनच वास वाढला. गादीत अमोनिया दोन रूपांत असतो. आम्लधर्मी गादीत तो विद्राव्य क्षाराच्या रूपात बांधलेला राहतो आणि गादी अल्कधर्मी झाली की वायू होऊन उडतो. ओल्या गादीवर चुना टाकणे म्हणजे बांधलेला अमोनिया सोडवणे. चुना गादीत टाकण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे आणि कोरड्या गादीत, कोंबड्या भरण्याआधी तिचा उपयोगही होतो. पण आधी वास आणि मग चुना हा क्रम उलटा पडतो.

कोंबड्यांच्या बाबतीत अमोनियाचा दुष्परिणाम म्हशींपेक्षा अधिक स्पष्टपणे दिसून आलेला आहे. जास्त अमोनियात कोंबडी कमी खाते, अंडी कमी देते, अंड्याचा पांढरा बलक पातळ होतो, डोळे चिकटतात. त्याहून मोठी हानी दुसऱ्या मार्गाने होते. श्वासनलिकेचे अस्तर झडले की इन्फेक्शस ब्रॉन्कायटिसचा विषाणू सहज शिरतो. हा रोग छातीचा म्हणून ओळखला जात असला, तरी विषाणू अंडनलिकेतही वाढतो आणि तिथले कवच घडवणारे अस्तर बिघडवतो. आपण लिहिलेली वेडीवाकडी, सुरकुतलेली, पातळ कवचाची अंडी मला याच दिशेने नेतात. मानमोडी (राणीखेत) हा रोग आणि कॅल्शियमची कमतरता यांचाही विचार करावा लागेल, तेव्हा दोन-तीन आजारी पक्षी तपासणीला न्याच.

गादी मुठीत घट्ट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ती फार ओली आहे. किंचित चिकटून लगेच विस्कटली तर ठीक. हातातून धूळच उडाली तर फार कोरडी, आणि ती धूळही छातीला वाईटच. पाण्याच्या भांड्यांभोवतीची ओली गादी काढून टाका, दर दोन दिवसांनी खालीवर करा, पण ते पडदे उघडून दुपारी करा. पडदे वरून खाली उघडतील असे बांधा, म्हणजे थंड हवा पक्ष्यांवर न पडता वरून जाईल. युरोपीय संघाने २००७ मध्ये दाटीने ठेवलेल्या मांसल कोंबड्यांसाठी अमोनियाची मर्यादा २० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वीस भाग, अशी घातली आणि ती पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर मोजावी असे स्पष्ट लिहिले. मोजणीची उंची कायद्यात लिहावी लागली, यावरून ही चूक सगळीकडे होते असे दिसते.

प्रश्न : उन्हाळ्यात गाई गाभण राहत नाहीत म्हणून यंदा गोठ्याला चारही बाजूंनी हिरवी जाळी आणि ताडपत्री लावून आत दोन मोठे कूलर बसवण्याचा विचार आहे. योग्य आहे का?
— एक दुग्धव्यावसायिक, नागपूर

उत्तर : कूलर योग्य आहेत, चारही बाजू बंद करणे अयोग्य आहे. घरातला कूलरसुद्धा मागची खिडकी उघडी असेल तरच थंड हवा देतो, हे नागपूरकरांना सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत आपली हवा कोरडी असते, तेव्हा कूलरचा उत्तम उपयोग होतो, पण समोरची बाजू पूर्ण उघडी हवी. पाऊस पडू लागला की तेच कूलर फक्त ओल वाढवतात, आणि उष्णता व ओल मिळून जनावराला जो ताण होतो तो नुसत्या उन्हापेक्षा वाईट असतो. शिवाय कूलरचे ठिबकणारे पाणी शेण-मूत्रात मिसळले की पहिल्या उत्तरात सांगितलेला अमोनियाचा कारखाना ऐन उन्हाळ्यात चालू होतो आणि तापमान जितके जास्त तितका तो जोरात चालतो. पैसे खर्च करायचेच असतील, तर आधी छप्पर उंच करा आणि टिनावर तणस किंवा पराट्यांचा थर द्या. गवळाऊ गाय किंवा नागपुरी म्हैस जे ऊन सोसते ते संकरित होल्स्टीन गाईला सोसवत नाही, हेही खरेदीच्या वेळी लक्षात असू द्या.

आपल्या गोठ्यात वळू आहे, असे लिहिले आहे. त्यालाही हेच लागू आहे. वळूचे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. मे महिन्यातला ताप, छातीचा आजार किंवा उष्णता यांचा फटका जुलैमध्ये, वातावरण थंडावल्यानंतर दिसतो, आणि तोपर्यंत मे महिना सगळे विसरलेले असतात.

प्रश्न : कोराडी-खापरखेडा भागात आमच्या शेतातील चाऱ्यावर राख बसते. जनावरांच्या गाभण राहण्यावर परिणाम होईल का?
— एक शेतकरी, कामठी तालुका

उत्तर : कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांतून येणाऱ्या राखेत मुख्यतः सिलिकेचे बारीक कण असतात, त्याबरोबर शिसे, आर्सेनिक यांसारख्या धातूंचे अंशही असतात. श्वासातून गेलेले कण छातीला त्रास देतात, पण आपल्या जनावरांच्या पोटात राख अधिक जाते ती चाऱ्यातून. हिरवा चारा धुऊन द्या, गंजी झाकून ठेवा, आणि चाऱ्याचा व विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासून घ्या. तपासणीचा कागद हातात असल्याशिवाय कोणत्याही एका कारणावर ठाम होऊ नका, आणि नुकसानभरपाईसाठी अर्ज करायचा असेल तर हाच कागद कामास येईल.

प्रश्न : गोठ्यातील हवा वाईट आहे की चांगली, हे यंत्राशिवाय कसे ओळखावे?
— एक वाचक, मौदा

उत्तर : यंत्रे मिळतात, पण दहा जनावरांच्या गोठ्यासाठी त्यांची आवश्यकता नाही. प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानात पीएच कागदाची गुंडाळी मिळते. बोटभर कागद शुद्ध केलेल्या पाण्यात, म्हणजे बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये, भिजवून जनावराच्या नाकाच्या उंचीवर पंधरा-वीस सेकंद हलवा. अमोनिया असेल तर कागद निळसर हिरव्याकडे झुकतो. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, त्यातलेच हे तत्त्व आहे. यातून अचूक आकडा मिळत नाही, पण कालच्यापेक्षा आज बरे की वाईट, हे समजते. विहिरीचे पाणी वापरू नका, ते मुळातच क्षारयुक्त असते आणि कागद उगाच रंगतो.

हवा खेळते की नाही, यासाठी उदबत्ती पुरते. गोठ्याच्या मधोमध, वैरणीपासून दूर, पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ वर जाऊन आढ्याच्या फटीतून किंवा एका बाजूने बाहेर ओढला गेला तर उत्तम. छपराखाली पोचून तो घोटाळत राहिला आणि पुन्हा खाली उतरू लागला, तर जनावरांच्या श्वासाचेही रात्रभर तेच होत असते. कोपऱ्यांतील कोळिष्टके धुळीने जाड झाली आहेत का, टिनाचे खिळे वर्षभरातच गंजले आहेत का, हेही पाहा.

गोबरगॅसचा किंवा मळीचा खड्डा गोठ्याला लागून असेल, तर मात्र नाकावर विसंबू नका. तिथला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात साचतो, सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास देतो आणि प्रमाण वाढले की नाकच बधिर करतो. वास थांबला म्हणून वायू गेला असे समजून आत उतरलेली माणसे पुन्हा वर येत नाहीत. कोणत्याही कारणाने त्या खड्ड्यात उतरू नका.

या परीक्षेची वेळ पहाटेची, दूध काढण्याआधीची. दार उघडून दहा मिनिटे झाली, म्हशी उठल्या, कोणी शेण ओढून गेले, की रात्रीची हवा निघून गेलेली असते आणि कागद तुम्हाला दिवसाची हवा दाखवतो.